केशरबाईंची दुपारची झोप

केशरबाई गेल्या तेव्हा मंडळानं रुग्णसाहित्य केंद्राच्याच खोलीत शोकसभा घेतली. सचिव रणधीर सर म्हणाले, "अप्पा, अकरा वर्षं तुम्ही त्यांच्यासोबत काम केलंत. दोन शब्द बोला." महालिंगप्पा उभे राहिले. समोर पंधरा-वीस माणसं होती, भिंतीला टेकवलेले वॉकर होते, कोपऱ्यात घडी घातलेल्या चाकाच्या खुर्च्या होत्या. ते "केशरबाई..." इतकंच म्हणाले आणि खाली बसले. लोकांना वाटलं, दुःखानं शब्द फुटला नाही. दुःख होतंच. पण उभं राहिल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की या बाईविषयी आपल्याला फार थोडं ठाऊक आहे, आणि जे ठाऊक आहे त्यातलंही बरंचसं इतकी वर्षं उलटंच ठाऊक होतं.

पत्ता तेवढा माहीत होता. महालिंगप्पांची सगळी नोकरी पोस्टात पत्त्यांप्रमाणे टपाल लावण्यात गेली. माणूस त्यांच्या लक्षात आधी पत्त्यानं राही, मग चेहऱ्यानं. केशरबाई मूळच्या बेंबळीच्या. सरकारी दवाखान्यात आयाचं काम करून निवृत्त झालेल्या. नवरा लवकर वारलेला, एकच मुलगी, संघप्रिया, उमरग्याला एका दवाखान्यात नर्स. धाराशिवात त्यांची एक खोली होती, दारात कढीपत्त्याचं झाड. एवढं वहीत मावेल इतकंच. त्या खोलीत महालिंगप्पा कधी गेले नाहीत, आणि कढीपत्त्याचं झाडही त्यांनी बघितलेलं नव्हतं, नुसतं ऐकलेलं होतं.

सोबत सेवा मंडळाचं रुग्णसाहित्य केंद्र म्हणजे बसस्टँडच्या मागच्या गल्लीतल्या दोन खोल्या. घरात कुणी आजारी पडलं, हाडबिड मोडलं, म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं की लोक इथं येतात आणि हँडलची लोखंडी खाट, चाकाची खुर्ची, कुबड्या, वॉकर, जे लागेल ते घेऊन जातात. गरज सरली की परत आणून देतात. आधार कार्डाची झेरॉक्स द्यायची आणि वहीत सही करायची, बस्स. वही महालिंगप्पांची. वस्तू धुण्या-पुसण्याचं, देण्या-घेण्याचं काम केशरबाईंचं.

शेजारी पिठाची गिरणी आहे. मधल्या भिंतीला वर झरोका आहे, आणि गिरणी चालू असली की त्यातून पीठ येतं. ते दिसत नाही, पण दुपारच्या तिरप्या उन्हात बघितलं तर खोलीभर तरंगत असतं. पांढऱ्या खाटांवर, खुर्च्यांच्या चाकांवर, वहीवर, महालिंगप्पांच्या टोपीवर ते हळूहळू बसत राहतं. गिरणीची घरघर, कोमट उजेड आणि ते पीठ. अशा वेळी महालिंगप्पांना पुष्कळदा वाटे, की आपण जागे आहोत की नाही हे कुणाला तरी विचारून घ्यावं.

केशरबाईंनी खाटांना नावं दिलेली होती. लहानपणी त्यांनी बेंबळीत लोकांची गुरं राखली होती, म्हणून नावंही गुरांचीच. पवळी, कपिली, तांबडी, चांदी. सगळ्यात जुनी, पांढऱ्या रंगाची खाट ती ढवळी. संध्याकाळी उंबऱ्यात बसून त्या विचारत, "अप्पा, कोण कुठं चराया गेलंय, वाचा की."

महालिंगप्पा वहीत बघून सांगत. पवळी तांबरी विभागात, शाळेच्या मागं. कपिली वाशी तालुक्यात. चांदी समतानगरात, दुसऱ्या मजल्यावर.

"दुसऱ्या मजल्यावर चढवली व्हय तिला?" केशरबाई हळहळत. "उतरताना नीट धरा म्हणावं. तिचा मागचा पाय आदूच जायबंदी हाय."

मग महालिंगप्पा घरी निघत. वाटेतल्या घरांमधले दिवे लागलेले असत, आणि त्यांना वाटे, यातल्या एखाद्या खिडकीआड आपली पवळी उभी असेल, पाठीवर कुणाला तरी घेऊन. सगळं गाव एखाद्या माळासारखं वाटे. हातलाईच्या डोंगरापर्यंत पसरलेलं, आणि त्यात इथं-तिथं आपली लोखंडी गुरं, मान खाली घालून, शांत.

एक गोष्ट मात्र महालिंगप्पांना खुपायची.

वहीत शेवटचा रकाना शेऱ्याचा. वस्तू परत आली की त्यात ते लिहीत, 'बरा', 'बरी' किंवा 'मयत'. खाटांपुढं 'मयत' जास्त. आता खाट न्यायला आलेलं माणूस पहिल्यांदा काय विचारतं? वाशीकडची शिवांजली नावाची एक सून सासऱ्यासाठी खाट न्यायला आली होती. तिनंही तेच विचारलं. पदर तोंडाशी धरून, हळूच.

"मावशी, ह्या खाटेवर कुणी... म्हणजे, गेलं तर न्हाय ना?"

केशरबाई तिच्याकडं सरळ बघून म्हणाल्या, "पोरी, तुज्या आदी ह्या खाटेवर जे माणूस निजलं, ते उठून आपल्या पायानं चालत घरी गेलं. ने बिनघोर."

सुनेचा चेहरा उजळला. आणि महालिंगप्पा वहीत बघत राहिले. त्याच खाटेपुढं, त्यांच्याच अक्षरात, आदल्या दिवशीच्या तारखेला 'मयत' लिहिलेलं होतं.

असं दर वेळी होई. महालिंगप्पा काही बोलत नसत. खोटं आहे, पण कुणाचं भलं करणारं आहे, असं मनाशी म्हणत. तरी वहीवाल्या माणसाला खोट्याशेजारी बसणं जड जातं. ते पेनाचं टोपण लावत, काढत, पुन्हा लावत.

केशरबाईंचा दुसरा हट्ट म्हणजे परत आलेली खाट त्याच दिवशी कुणाला द्यायची नाही. "धुवून वाळू द्या, उद्या या." रणधीर सर चिडत. "अहो मावशी, धाराशिवच्या उन्हात लोखंड वाळायला दहा मिनिटं लागत नाहीत!"

"वली खाट देऊ व्हय आजाऱ्याला?"

आणि तिसरी सवय दुपारी दार लावून घेण्याची. महालिंगप्पा सकाळी दहा ते एक येत आणि मग चार ते सहा. मधल्या वेळात बाईंनी आतून कडी घातलेली असे. सर गंमत करत, "आपल्या मंडळाला एकच सेविका, आणि तीसुद्धा झोपसेविका!" केशरबाईही हसत. "झोपते की. तुमच्या गाद्या हायेत कशाला?" महालिंगप्पांनी तेही तसंच धरून ठेवलं. बाई भली आहे, जरा खोटं बोलते आणि दुपारी झोपते.

गेल्या दिवाळीनंतर दैवशाला पडल्या. दैवशाला म्हणजे महालिंगप्पांची पत्नी, लग्नाला एकोणपन्नास वर्षं झालेली. अंगणात पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. सोलापूरला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावून सांगितलं, दोन महिने डोकं वर-खाली होणाऱ्या खाटेवर ठेवा, जमिनीवर नको. कूस नीट बदलली नाही तर पाठीला जखमा होतील, आणि या वयात जखमा चिघळल्या की माणूस पुन्हा उभं राहत नाही. महालिंगप्पांनी मान हलवली. त्यांना वाटलं, खाटेची आपल्याला काय चिंता.

पण त्या आठवड्यात सगळ्या खाटा बाहेर होत्या. एकच परत आलेली, ढवळी. आदल्या संध्याकाळी बेंबळीहून आली होती. तिच्यापुढं वहीत लागोपाठ तीन वेळा 'मयत' होतं. शेवटचं नाव बेंबळीचे आबाराव, वय अठ्ठ्याऐंशी.

सकाळी केशरबाई आपणहून म्हणाल्या, "अप्पा, उद्या ढवळी न्या वहिनींसाठी. आज धुती."

महालिंगप्पांनी वहीवरून नजर उचलली नाही. "बघतो. एखाद-दुसरी येतेय का तेही बघू. चार दिवस थांबायला हरकत नाही."

केशरबाईंनी त्यांच्याकडं बघितलं. पाण्याची बादली उचलून बाहेर गेल्या.

महालिंगप्पांना स्वतःची लाज वाटली. असल्या गोष्टींवर आपला विश्वास नाही असं ते समजत आले होते. पण वहीतली ती तीन अक्षरं आता निराळी दिसत होती.

दुपारी घरी आले, तर दैवशाला भिंतीकडं तोंड करून पडलेल्या. कूस बदलताना त्यांनी ओठ दाताखाली धरला. पाठीवर, कंबरेच्या वर, तळहाताएवढा भाग लाल झाला होता.

"अहो," त्या म्हणाल्या, "खाटा-खाटा म्हणून अकरा वर्षं सांगताय. बायकोला एक मिळंना?"

"एक आहे."

"मग आणा की."

"आणतो."

"पण विचारून आणा हं. तिच्यावर कुणी गेलेलं नको. माहेरी माझ्या अव्वाला तसल्याच बाजेवर निजवलं होतं. उठली नाही पुन्हा." मग म्हणाल्या, "तुम्ही सांगाल त्यावर माझा भरवसा आहे. तुम्हाला कुठं खोटं बोलता येतंय!"

हीच तर अडचण होती. एकदा तरुणपणी पोस्टातल्या मित्राबरोबर ते न सांगता सिनेमाला गेले होते, तर घरी येऊन चप्पल काढायच्या आत स्वतःच सांगून टाकलं होतं. आता खाट आणावी तर बायको विचारणार, आणि खरं सांगितलं तर ती त्या खाटेवर धास्तीनंच खचणार. न आणावी, तर पाठीवरचा तो लाल डाग.

जेवण तसंच ठेवून ते उठले. भर दुपारी दोन वाजता छत्री घेऊन केंद्राकडं निघाले. वाटेत ते काय बोलायचं ते मनात जुळवत होते. केशरबाई, तुम्ही घरी चला. तुम्ही लोकांना जे सांगता, तेच माझ्या बायकोला सांगा. मला नाही जमत. चालता चालता त्यांना वाटलं, हे मागणं किती विचित्र आहे. अकरा वर्षं ज्याला मनात नावं ठेवली, तेच आज उसनं मागायला निघालो.

दार आतून लावलेलं होतं. बाजूच्या खिडकीची एक फळी उघडी होती. त्यांनी आत डोकावलं.

गिरणी चालू होती. छताजवळच्या फटीतून उन्हाचा एक पट्टा थेट ढवळीवर पडला होता, आणि त्या पट्ट्यात पीठ सावकाश उतरत होतं. ढवळीवर केशरबाई निजल्या होत्या. उताण्या, पाय सरळ, हात पोटावर जुळवलेले, पदर तोंडावर ओढलेला. पदरावर पिठाचा पातळ थर बसला होता. काहीच हलत नव्हतं.

महालिंगप्पांच्या हातातली छत्री पडली. "केशरबाई!" ते ओरडले. एवढ्या मोठ्यानं ते आयुष्यात ओरडले नव्हते. "अहो केशरबाई!"

पदर हलला. "कोन मेलं?" आतून आवाज आला.

"मी... महालिंगप्पा."

"तुमी मेला?" केशरबाई उठून बसल्या. पीठ झटकत दार उघडायला आल्या. "आवो, आता कुटं डोळा लागला हुता. घटकाभर निजू द्याचं की! आता परत निजावं लागंल."

"मला वाटलं तुम्ही..."

"तसंच वाटाया पायजे. तसंच निजते म्या." त्या उंबऱ्यात टेकल्या. "का आला उनाचं?"

महालिंगप्पांनी सगळं सांगितलं. जुळवलेलं बोलणं विसरलं, म्हणून खरं तेच सांगितलं. पाठीचा डाग, बायकोचा प्रश्न, आणि खोटं सांगायला तुम्ही चला हेसुद्धा.

केशरबाई त्यांच्याकडं बघत राहिल्या. मग खो खो हसत सुटल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "म्हंजी आकरा वर्सं तुमी मला खोटारडी समजत हुता व्हय? आन् रोज माझ्या हातचा च्या पेत हुता?"

"मग खरं काय?"

"खरं तेच, जे सांगते ते. ह्याच्या आदी जे माणूस निजलं, ते उठून पायानं चालत घरी गेलं. म्याच की ते. दुसरं कोन?"

महालिंगप्पा खाली बसले. उंबऱ्यात नाही, पायरीवर.

"खाटंवर कुणी गेलं की म्या धुते," केशरबाई सांगत होत्या. "मग दुपारी दार लावून निजते. मग उठते. सांच्याला चालत घरी जाते. दुसऱ्या दिवशी खाट द्याला मोकळी."

"पण हे सुरू कधी केलंत? कुणी सांगितलं?"

"कोन सांगणार? पयल्या डावाला निस्ती दमले हुते. खाट धुतली, पडले, डोळा लागला. उठल्यावर ध्यानात आलं, आरं, हिच्यावर माणूस गेलं हुतं, आन् म्या तर उठले! दुसऱ्या दिवशी एक म्हातारी पोराला घिऊन आली, तिनं इचारलं. मला खरं सांगता आलं. लई बरं वाटलं."

"भीती नाही वाटत?"

"वाटती की. डोळा मिटताना लई भ्या वाटतं. म्हणून तर निस्तं पडून भागत न्हाय, अप्पा. झोप लागाया पायजे. जागं ऱ्हाऊन उठलं तर ते काय उठणं हाय व्हय?"

गिरणी थांबली. एकदम इतकं शांत झालं, की पीठ खाली बसल्याचा आवाज येईल असं वाटलं.

"आन् सपान पडतं," केशरबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "ज्याची खाट त्याचं सपान. एका मास्तरीणबाईच्या खाटंवर निजले तर सपनात निस्ती पोरं वळीनं बसल्याली. आता आबारावाचं. त्येंचीच गुरं राखली म्या ल्हानपणी. ढवळी त्येंचीच गाय. त्येंच्या अंगणात बाज असायची. आमी खाली, लांब बसायचं." त्यांनी पाय उंबऱ्याबाहेर सोडले. "सपनात करडईचं रान हुतं. पिवळं, नजर जाईल तितवर. म्या अनवाणी मधनं चालले हुते, आन् काटं टोचत नव्हते. तेवढ्यात तुमी बोंबलला."

महालिंगप्पांनी पडलेली छत्री उचलली. म्हणाले, "मग आता पुन्हा निजा. मी बाहेर बसतो."

ते पायरीवर छत्री उघडून बसले. आत कडी लागली. गिरणी पुन्हा सुरू झाली. गल्लीत एक कुत्रं सावली शोधत आलं आणि त्यांच्या छत्रीखाली बसलं. किती वेळ गेला कुणास ठाऊक, मग दार उघडलं आणि केशरबाई पदर सावरत बाहेर आल्या.

"उठले," त्या म्हणाल्या. "ल्ह्या आता."

"काय लिहू?"

"वहीत ल्ह्या. उगं वहिनींनी इचारलं आन् तुमची जीभ अडली तर? वहीत असंल तर तुमाला सांगता येतं, म्हायती हाय मला."

महालिंगप्पांनी वही उघडली. ढवळीच्या पानावर, तिसऱ्या 'मयत'खाली त्यांनी लिहिलं. नाव केशरबाई, मूळ गाव बेंबळी. नेल्याची तारीख आजची, आणल्याची तारीख आजची. शेऱ्याच्या रकान्यात त्यांचं पेन थांबलं. मग त्यांनी लिहिलं, 'बरी. पायानं चालत गेली.' सही करायला वही पुढं केली. केशरबाईंनी अक्षर लावून लावून सही केली.

मग ते मागची पानं चाळत राहिले. ढवळीवर कोण निजलं, कोण गेलं, ते सगळं तिथं होतं. मधल्या त्या दुपारी कुठंच नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी खाट घरी आली. दैवशालांनी विचारलंच. महालिंगप्पा म्हणाले, "याच्या आधी एक बाई निजली होती. बेंबळीची. चालत घरी गेली. मी स्वतः बघितलंय." दैवशालांनी त्यांच्या तोंडाकडं नीट बघितलं आणि डोकं उशीला टेकलं.

दोन महिने त्या ढवळीवर होत्या. पाठीचा डाग फिका झाला, मग गेला. एका सकाळी म्हणाल्या, "सपनात एक पोरगी गुरं राखत होती. मला म्हणाली, वहिनी, तुमची गाय इकडं आलीय, न्या. आपल्याकडं कुठली आलीय गाय?" महालिंगप्पांनी हँडल फिरवून त्यांचं डोकं जरा वर केलं आणि चहा दिला. बायकोपासून काही लपवायची ही दुसरीच खेप. पण ती सांगता येण्यासारखी गोष्ट नव्हती.

माघात दैवशाला वॉकर धरून उंबऱ्यापर्यंत गेल्या, मग तुळशीपर्यंत. ढवळी टेम्पोतून परत गेली. महालिंगप्पांनी 'बरी' लिहिलं, आणि त्या दिवशी केशरबाईंना निजायची गरज पडली नाही.

दुसऱ्याच दिवशी केशरबाई संघप्रियाकडं उमरग्याला गेल्या. चार दिवस जाऊन येते म्हणाल्या. चालताना धाप लागते, पोरगी तपासून घेते म्हणते. धाप लागते हेसुद्धा महालिंगप्पांना तेव्हाच कळलं. चैत्रात संघप्रियाचा फोन आला.

त्यानंतर पहिल्यांदा कपिली 'मयत' शेरा घेऊन परत आली, तेव्हा महालिंगप्पांनी स्वतः ती धुतली, रणधीर सरांना म्हणाले, "उद्याच देऊ, वाळू द्या," आणि दुपारी आतून कडी घातली. पाय सरळ केले, उपरणं तोंडावर घेतलं. भीती वाटली, खूप वाटली. पण गिरणीच्या घरघरीत कधीतरी डोळा लागला. स्वप्न पडलं की नाही आठवत नाही. उठल्यावर उपरण्यावर पीठ होतं.

केशरबाई उमरग्याला गेल्या त्या दिवशीचं बोलणं मात्र त्यांना शब्दन् शब्द आठवतं. त्या पिशवी घेऊन उमरग्याच्या गाडीसाठी निघाल्या होत्या. महालिंगप्पा वहीत मान घालून बसले होते. केशरबाई दारातून मागं वळल्या.

"अप्पा, ढवळीचं हँडल कुरकुरतंय. तेल सोडा."

"सोडतो."

"आन् झरोक्याला कापड लावा, लई पीठ येतंय."

"बरं."

"निस्तं बरं म्हणू नका, लावा."

"लावतो म्हटलं ना. तुम्ही जा, गाडी चुकेल."